नदीवरची फुगडी

बँकॉकला जाणार हे मी पहिल्यांदा सांगितलं ते सासूबाईंना, आणि तेही गोठ्यात, म्हशीची धार काढता काढता. तोंडाकडं बघून सांगायचं धाडस नव्हतं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अजून दोन शेतं ओलांडून जाईल असा. त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "ह्ये कुठं आलं? साताऱ्याच्या फुडं का?"

"लय फुडं, आत्याबाई. इमानानं जायाचं. दुसरा देश हाय."

"एकटी?"

"न्हाई वं. आष्ट्याची मैत्रीण हाय संगं."

त्यांनी पाटी परत उचलली. "मग जा की. ती असल्यावर तू काय हरवत न्हाईस. आन् माझ्या भाकरीचं म्हनशील तर माझं हात हायत अजून."

पुण्याच्या पोराला फोन केला तर तो आधी हसतच सुटला. आमच्या भागातनं बँकॉकला जातात त्या पुरुषांच्या टोळ्या. कारखान्याकडनं उसाचं बिल जमा झालं की चार-सहाजण मिळून निघतात, आणि परत आल्यावर काय बघितलं म्हणून विचारलं की देवळं बघितली म्हणतात. "आई, तू खरंच देवळं बघून येणार आहेस," पोरगा म्हणाला, "गावातली पहिलीच." मग हसणं थांबवून त्यानं तिकिटाचं सगळं बघून दिलं.

ही आष्ट्याची मैत्रीण म्हणजे कराडच्या कॉलेजात असताना वसतिगृहातली माझी शेजारची कॉट. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, घर बौद्ध. माझं माहेर उसाचं आणि फौजेचं. पहिल्याच रात्री मी घरच्या आठवणीनं मुसमुसत होते, तर तिनं अंधारातनं विचारलं, "रडून झालं की सांग. माझ्याजवळ चिवडा हाय." तेव्हापासूनचं आमचं गूळपीठ. पुढं ती आष्ट्याला शाळेत खेळाची बाई झाली. लग्न केलं नाही. मोटारसायकल शिकली, घर बांधलं, पोरींचे संघ घेऊन कुठं कुठं फिरली. मी कराडजवळच्या एका गावात सून म्हणून आले ती तिथंच राहिले. मालक फौजेत होते, मी घर आणि शेत सांभाळलं. मालक सुभेदार होऊन परत आले आणि आता जरा संगतीनं राहू म्हणेपर्यंत एका सकाळी चहा पिऊन उठताना खाली कोसळले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही, हे आधी सांगते. कुणी कसली बंदी घातली नाही. मीच हळूहळू कडेला सरकत गेले. लग्नकार्यात मागच्या ओळीत बसायला लागले. दिवस मावळला की दार ओढून घ्यायला लागले. नागपंचमीला आमच्या आळीतल्या बायका फेर धरतात, फुगड्या घालतात. मी त्यातली पटाईत होते. पहिल्या पंचमीला त्या बायका मला बोलवायला आल्या नाहीत, दारावरनं हळू आवाजात पुढं गेल्या. त्यांच्या मनात चांगलंच होतं, हिला कशाला त्रास, असं. मी खिडकीत उभी राहून त्यांचं गाणं लांब जाताना ऐकलं आणि मलाही तेच बरोबर वाटलं.

मैत्रिणीला ते बरोबर वाटलं नाही. ती एका दुपारी मोटारसायकलवरनं आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "पासपोर्ट काढ."

"कशाला?"

"मी निवृत्त झालीया. मला जग बघायचं हाय, आन् एकटीला करमत न्हाई."

हे खोटं होतं. तिला एकटीला उत्तम करमतं. पण असलं खोटं बोलायला जन्माची मैत्री लागते.

*

बँकॉकला पोचलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवला तो वास. गवती चहा, तळण, मासे आणि नदी. हवा मात्र आपल्या सप्टेंबरातल्या उसाच्या फडासारखी, चिकट. माझी कापडी पिशवी, त्यात आत्याबाईंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगावर साडी. मैत्रीण पँटशर्टात आणि डोक्यावर शाळेची जुनी टोपी. रस्त्यावरची माणसं आम्हाला बघून हसायची, आम्हीही हसायचो. दोन दिवसांत कळलं की तिथं माणसं उगीचसुद्धा हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आडव्या बुद्धाच्या देवळात गेलो. मैत्रीण देऊळ म्हणू देत नव्हती, विहार म्हण म्हणायची. दारातनं आत गेलं की आधी काही कळत नाही, नुसती सोन्याची भिंत. मग ध्यानात येतं की ही भिंत नाही, खांदा आहे. एवढी मोठी मूर्ती, कुशीवर निजलेली, आमच्या गल्लीएवढी लांब. तळपायांवर शिंपल्यांची नक्षी. मी बघतच राहिले. मैत्रिणीनं टोपी काढून हातात घेतली.

बाहेर आवारात एका छोट्या मंडपात भिक्खू बसले होते आणि समोर चाळीस-पन्नास माणसं हात जोडून. वंदना सुरू झाली. भाषा तिथलीच असेल असं वाटलं, चालही तिथली, मला अक्षर कळेना. आणि माझ्या शेजारून आवाज आला. मैत्रीण म्हणत होती. डोळे मिटून, हळू आवाजात, पण त्यांच्या बरोबरीनं, एकही शब्द न चुकता. त्यांचा उच्चार वेगळा, हिचा आपल्याकडचा, तरी शब्द तेच, पालीतले. पुढं बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं वळून बघितलं. तिनं सरकून जागा केली. मैत्रीण तिच्याशेजारी बसली, आणि मग त्या दोघी मिळून म्हणायला लागल्या.

झाल्यावर त्या बाईनं तिचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी खूप बोलली. मैत्रिणीला त्यातलं काही कळलं नाही. ती मराठीत म्हणाली, "माझ्या आईनं शिकवलंय, मावशी. रोज सांजच्याला म्हणून घ्यायची." त्या मावशीनं मान हलवली, जणू काही सगळं समजलं.

आम्ही झाडाखाली बसून लाडू खाल्ले. मैत्रिणीचे डोळे ओले होते. "बघ की," ती म्हणाली, "आई माझी मिरजेच्या फुडं कवा गेली न्हाई. आन् तिचं शिकवलेलं हितं चालतंय." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिच्या आईची प्रार्थना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

*

संध्याकाळ झाली आणि माझी जुनी सवय जागी झाली. "चल आता हॉटेलवर," मी म्हणाले.

"अगं, गाव आत्ता उठतंय, आन् तू झोपाय चाललीस?"

खरंच, ते शहर दिवस मावळल्यावर उठतं. बाजाराच्या गल्लीत शिरलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. दिव्यांच्या माळा, गाणी, कढयांचे आवाज, फूटपाथवर मांडलेली बुटकी टेबलं. आजीपासून नातवापर्यंत सगळे बाहेर जेवत होते. एका गाड्यावर तळलेले नाकतोडे ढिगानं ठेवले होते. मैत्रिणीनं एक उचलला आणि माझ्याकडं बघत तोंडात टाकला.

"कसं लागतंय?" मी तोंड फिरवून विचारलं.

"खारं शेंगदाणं. पाय तेवढं दातात अडकत्यात."

मी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात घेतला. एक घास घेतला आणि मला वाटलं, मालक असते तर म्हणाले असते, भातावर आंबा, ह्यांना काय कळतं का नाही, आणि सगळा संपवला असता. मला हसू आलं. त्यांची आठवण येऊन हसू येण्याची ती बहुतेक पहिलीच वेळ.

तिथनं आम्ही नदीवरच्या बोटीत गेलो. खाली जेवण, वर उघडा माळा, तिथं गाणी. दोन्ही काठांवरची देवळं उजेडात न्हालेली, पाण्यात त्यांची लांबलचक पिवळी प्रतिबिंबं. एक सडपातळ पोरगी माईकवर गात होती. बोटीत आपल्याकडचे लोक दिसले म्हणून तिनं हिंदी गाणं काढलं, आणि सुरतेहून आलेलं एक अख्खं कुटुंब नाचायला उठलं. पाठोपाठ गोरे, चिनी, सगळेच. मैत्रिणीनं बियरचा एक घोट घेऊन बघितला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास बाजूला सारला. मी लिंबाचं सरबत धरून कडेच्या खुर्चीत बसले होते, कठड्याला चिकटून.

ती समोर येऊन उभी राहिली. "ऊठ."

"मला हे असलं नाचाय येत न्हाई."

"मला तरी कुठं येतंय? आपलं जे येतंय ते करू." तिनं दोन्ही हात पुढं केले, मनगटं एकावर एक. फुगडीचे हात.

मी हात मागं घेतले. "अगं, वेडी का काय? मी आता... आता मला शोभंल का?"

"कोण म्हणलं?"

कोण म्हणालं होतं? मी आठवायला लागले आणि मला एकही तोंड आठवेना.

"कुणी म्हणलं न्हाई," मी म्हणाले.

"मग हात दे."

मी बूट काढले. पदर खोचला. तिचे हात धरले, पाय जुळवले आणि मागं रेलले. पहिल्या दोन गिरक्या जड गेल्या, गुडघा कुरकुरला. मग वेग आला. फुगडीत एक क्षण असा येतो की आपलं वजन आपल्यापाशी राहत नाही, समोरचीपाशी जातं, आणि तिचं आपल्यापाशी. तो क्षण आला. देवळांचे दिवे एकमेकांत मिसळून पिवळी रेघ झाली. गाणं, टाळ्या, नदी सगळं गोल फिरायला लागलं आणि मधोमध फक्त तिचा चेहरा स्थिर, दात दाखवत हसणारा. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ठाऊक नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

थांबलो तेव्हा दोघी धापा टाकत होतो आणि सगळी बोट टाळ्या वाजवत होती. सुरतेच्या बाईंनी फोनवर चित्रण केलं होतं. सरबत वाटणारी पोरगी ट्रे ठेवून पुढं आली आणि खुणेनं म्हणाली, मी, मी. मैत्रिणीतली खेळाची बाई जागी झाली. "पाय जुळव. मागं रेल. भिऊ नको, सोडत न्हाई." सगळं मराठीत. त्या पोरीला बरोबर समजलं. मग सुरतेची बाई, मग एक उंच गोरी बाई तिच्या लेकीबरोबर. बोट परत काठाला लागेपर्यंत वरच्या माळ्यावर फुगड्या चालल्या होत्या.

हॉटेलकडं चालत येताना मी तिला म्हणाले, "तू होतीस म्हणून."

"आभार मानाय मी काय पाव्हणी हाय व्हय?" ती म्हणाली आणि भराभर पुढं चालायला लागली. तिला असलं बोललेलं सोसत नाही. म्हणून मी इथं लिहितेय.

*

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. शेवटी, जरा घाबरतच, ते चित्रण दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बघितलं. चेहऱ्यावरनं काही कळेना. आत्याबाई माझ्याहून कितीतरी लहान वयात सासऱ्यांच्या मागं राहिल्या होत्या, माझे मालक तेव्हा पाळण्यात होते.

"पुन्यांदा लाव," त्या म्हणाल्या.

लावलं.

"टाचा उचलतीस तू. टाचा टेकायच्या असत्यात." मग फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "चांगली मैतरीण हाय तुझी. आमच्या वक्ताला आसं कुणी हात देणारं नव्हतं. तिला जेवाय बलाव."

रविवारी ती आली. आत्याबाईंनी स्वतः चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापल्या, भरलं वांगं केलं, आणि तिला शेजारी बसवून घेऊन पोट फुटेस्तोवर वाढलं. त्या दिवशी तिची मोटारसायकल दुरुस्तीला होती, म्हणून संध्याकाळी मी तिला फाट्यावर सोडायला गेले. दिवस मावळला होता, माझी एरवीची दार ओढून घ्यायची वेळ. आष्ट्यावरनं जाणारी सांगलीची एक एसटी आली, आमचं बोलणं संपलं नव्हतं म्हणून सोडली. दुसरी आली, तीही सोडली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग घरघरत गेली. आम्ही मैलाच्या दगडावर बसलो आणि तिनं खिशातनं खारे शेंगदाणे काढले.