सगळीकडे बसणारे तुकडे

शनिवार पेठेतलं आमचं खेळघर या महिनाअखेर बंद होतंय. 'आमचं' म्हणायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. मी तिथे फक्त दुपारी काम करत होते, कॉलेज सुटल्यावर. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत मी त्या खोलीत जितकी मनाने बसले तितकी कुठल्याच वर्गात बसले नाही, म्हणून म्हणते.

खेळघर म्हणजे खेळण्यांची लायब्ररी. पुस्तकासारखं खेळणं घरी न्यायचं, आठवड्याने परत आणायचं. ते चालवणाऱ्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरमधला, अमेरिकेत. त्या वर्षांत पेठेत एका आड एका घरातलं कुणीतरी तिकडे जात होतं आणि येताना बॅगा भरून चॉकलेटं आणत होतं. बाईंचा मुलगा जिगसॉ आणायचा, तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायची कोडी. जहाजं, पक्षी, बर्फातली घरं. कपाटाचे दोन खण या जिगसॉंनीच भरले होते.

परत आलेला जिगसॉ तसाच कपाटात ठेवायचा नाही, हा बाईंचा नियम. ज्या मुलाने नेला त्याने आणि मी मिळून तो टेबलावर पूर्ण जुळवायचा, सगळे तुकडे आहेत याची खात्री करायची, मगच दुसरा खेळ मिळणार. एखादा तुकडा नसेल तर तो डबा बाद. "अपुरं कोडं देणं म्हणजे मुलाला फसवणं," बाई म्हणायच्या. माझं मुख्य काम हेच होतं.

मी त्याआधी जिगसॉ कधी हातात घेतला नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि कुठे काय चालतं, काय चालत नाही, याची मला सारखी धास्ती असायची. पहिल्या दिवशी मी डब्याचं झाकण उलटं करून ठेवलं आणि तुकडे जुळवायला बसले. बराच वेळ झाला तरी कडाही लागेना. बाई चष्म्यावरून बघत होत्या.

"अगं, झाकणावर चित्र आहे."

"हो बाई. म्हणूनच उलटं ठेवलं."

"का?"

"बघून केलं तर कॉपी होईल ना."

बाईंनी उठून झाकण सुलटं केलं. "हा पेपर नाही. इथे बघून करतात. शिवाय विचारूनही करतात, पण ते तुला जमायला वेळ लागेल."

वेळ लागला. वर्गात माझा आवाज निघत नसे. घरी आम्ही वऱ्हाडी बोलायचो, कॉलेजात शुद्ध बोलावं लागायचं, आणि विश्रांतवाडीहून निघालेल्या बसमध्ये कुठेतरी माझी भाषा बदलायची. मुलांबरोबर तुकडे लावताना मात्र कुठली भाषा बोलतेय हा विचारही मनात यायचा नाही. "ताई, हा घोड्याचा कान आहे की झाडाचं पान?" असं कुणी विचारलं की वाक्य तयार करत बसावं लागत नाही.

जिगसॉ चांगला की वाईट, हे बाईंनी मला हळूहळू शिकवलं. डबा उघडल्यावर आधी तळाशी भुगा किती आहे ते बघायचं. भुगा जास्त म्हणजे कापायचं पातं बोथट, पुठ्ठा कापला गेलेला नाही, फाटलेला आहे. मग तुकड्याच्या कडेला नख लावून चित्राचा कागद सुटतोय का बघायचं. पूर्ण झालेलं कोडं एका कोपऱ्याला धरून उचलायचं. चांगलं असेल तर ते सतरंजीसारखं अखंड वर येतं. आणि या सगळ्यांहून महत्त्वाचं म्हणजे मुद्दाम चुकीचा तुकडा लावून बघायचा. तो बसता कामा नये. "चांगलं कोडं नाही म्हणतं," बाई सांगायच्या. "मूल चुकलं की आपण ओरडायची वेळ येत नाही. कोडंच सांगतं."

तुकडा हरवलेला एक डबा बाईंनी मला दिला आणि मी तो घरी नेला. धाकट्या बहिणीने आणि मी तो जमिनीवर लावला. बाबा कामावरून येऊन चहा घेत होते. चित्रात बर्फाचे डोंगर होते, पण बाबा चित्राकडे बघतच नव्हते. तुकड्यांमधल्या रेघांवरून बोट फिरवत होते.

"हे तं डायचं काम हाय," ते म्हणाले.

बाबा विश्रांतवाडीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कामाला आहेत. प्लायवूडच्या फळीत स्टीलची पाती वाकवून, ठोकून बसवायची. ती फळी म्हणजे डाय. ती मशीनला लावून पुठ्ठ्यावर दाबली की खोक्याचा आकार कापून निघतो. पेढ्यांचे, औषधांचे, साड्यांचे खोके. तरुणपणी गाव सोडून पुण्याला आल्यापासून ते हेच करतात, आणि त्यांच्या डायमधली एक कड दुसरीपेक्षा केसभरही वेगळी नसते. शेठचं बाकी कशावर समाधान झालं नाही तरी यावर व्हायचं.

"फॉरेनचं म्हन्ते," बाबा बहिणीला दाखवत होते, "अन् हे पाय, दोन डोके सारखे नाहीत. एक लहान, एक मोठं. हे तं तिरपंच गेलं." तुकड्याच्या बाहेर आलेल्या गोल भागाला ते डोकं म्हणत होते. "आपन केलं तं असं नाही होनार."

मला वाटलं, सहज म्हणाले. पण दोन दिवसांनी जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला. शेठकडे मागच्या वर्षीची कॅलेंडरची चित्रं पडून होती, परदेशातलं तळं, लाल छपराचं घर, गाई आणि वर भरपूर निळं आकाश. दिवाळीनंतर मशीनलाही काम कमी होतं. बाबांनी शेठला विचारलं होतं आणि शेठ म्हणाले होते, एक डाय करून बघ. कुणी घेतलं तर पुढे बघू, नाहीतर परत पेढ्याचे खोके.

"तुमाले काहून पाहिजे पन हे नसतं काम?" आईने विचारलं.

बाबा म्हणाले, "खोका कोनी ठेवत नाही. पेढे सरले, फेकला. औषध सरलं, फेकला. इतके वर्सं झाले, माह्या हातचं एकबी कोनाच्या घरात नाही."

आईने त्यांना आणखी भात वाढला.

बाईंना मी फक्त इतकंच विचारलं, की इथलं कुणी बनवलं तर आपण ठेवू का. बाई म्हणाल्या, "इथलं, तिथलं काय? चांगलं असेल तर ठेवू." समोरच्या खेळण्यांच्या दुकानदारानेही सांगितलं, बाईंनी ठेवलं तर तोही ठेवील. बाबांनी डाय करायला किती संध्याकाळी घालवल्या ते मी मोजलं नाही. पहिला नमुना त्यांनी पेढ्याच्याच एका खोक्यात घालून माझ्याकडे दिला आणि वरून स्वच्छ रुमाल बांधला.

बाई आणि मी टेबलाशी बसलो. कडा लागल्या, घर लागलं, गाई लागल्या. बाईंनी कोपरा धरून उचललं. अखंड वर आलं, एक तुकडा हलला नाही. भुगा नाही. कागद घट्ट.

"कापलंय सुरेख," बाई म्हणाल्या. "आता आकाश बघ."

आकाश सगळं भरलं होतं, पण ढगाचा अर्धा भाग एका बाजूला होता आणि उरलेला अर्धा पार दुसऱ्या टोकाला. मी तुकडे काढून बदलले. तेही बसले. तिसऱ्यांदा वेगळे लावले. पुन्हा बसले, तितकेच घट्ट. सगळी डोकी एकसारखी, सगळ्या खोबणी एकसारख्या.

"हे तुकडे आहेत की सरकारी नोकर?" बाई म्हणाल्या. "कुठेही बदली करा, जाऊन बसतात. मुलाला चुकलं ते कळणार कसं? नाही ठेवता यायचं."

मी खाली बघून म्हटलं, "बाई, माझ्या बाबांनी केलंय."

"बरं. मला कळलं. पण आकाशाला ते कळत नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "हात फार चांगला आहे त्यांचा. घरी जाऊन काय चुकलंय ते नीट सांग. नुसतं 'आवडलं नाही' म्हणू नकोस, ते कुणालाही म्हणता येतं."

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. कसंही सांगितलं तरी अर्थ एकच निघत होता, की तुम्ही आयुष्यभर जे उत्तम केलंत तीच इथे चूक आहे. हे मी बाबांना सांगायचं, मी, जिला अजून प्राध्यापकांना शंका विचारता येत नव्हती.

बाबा अंघोळ करून दारातच बसले होते. "काय म्हने तुही बाई?"

मी आत जाऊन त्यांचं आकाश जमिनीवर लावलं, आणि शेजारी तो डोंगरांचा जुना जिगसॉ. त्यांच्या आकाशात एक चुकीचा तुकडा बसवला.

"बसला," बाबा म्हणाले. आवाजात अभिमान होता.

"तो तिथला नाही, बाबा."

मग मी डोंगरांतला एक चुकीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी लावून पाहिला, फिरवला, अंगठ्याने दाबला. "नाही बसत."

"नाहीच बसला पाहिजे. नाहीतर लावणाऱ्याला चुकलं ते कळत नाही."

बाबा एकदा या चित्राकडे आणि एकदा त्या चित्राकडे बघत राहिले.

"म्हनजे ते वाकडं... मुद्दाम केलं?"

"मुद्दाम."

"अन् म्या सारं सरळ केलं."

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "शेठ जलमभर बोंबलला, सरळ कर, सरळ कर. आता म्हन्ते वाकडं कर. एकदाचं ठरवा ना बाप्पा! अन् ते आकाश उचला तिथून, मले पोळ्या लाटाच्या हायत."

बाबा हसले. आधी थोडं, मग चांगलंच.

पण वाकडं करणं त्यांना जमेना. कागदावर पेन्सिलीने डोकी काढायला बसले की तिसऱ्या डोक्यापासून सगळी एकसारखी यायची. हातच ऐकत नव्हता. ते खोडायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा तेच. शेवटी बहीण म्हणाली, "बाबा, मामाचं नाक काढा ना."

त्यांनी मामाचं नाक काढलं. फताडं, एका बाजूला कललेलं. तसं दुसरं डोकं कागदावर कुठेच नव्हतं. मग काय, घरात नाकांची मोजणीच सुरू झाली. आईचं नाक, आत्याचं नाक, शेजारच्या काकांचा कान, बहिणीचा अंगठा. शेठच्या पोटाला एक आख्खी खोबण लागली. "हे कुठंच बसनार नाही," आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "जिथं हाय तिथूनच उठत नाही तो." आमच्या त्या एका खोलीत इतकं हसू मी पुन्हा फारसं ऐकलेलं नाही.

त्या नाकांवरून बाबांनी नवी डाय केली. दुसरा नमुना बाईंनी आकाशापासूनच सुरू केला. चुकीचा तुकडा लावून पाहिला, मग आणखी एक.

"नाही म्हणतंय," त्या म्हणाल्या, आणि झाकणावर खेळघराचा नंबर घातला.

समोरच्या दुकानदारानेही काही डबे घेतले. दोन दिवाळ्या ते काम चाललं. मग बाजारात बाहेरून आलेले स्वस्त जिगसॉ ढिगाने दिसायला लागले, पातळ पुठ्ठ्याचे, भुग्याने भरलेले, पण स्वस्त. शेठने मशीन मोबाइलच्या खोक्यांना लावली. डाय भंगारात जाणार होती, ती बाबा घरी घेऊन आले. आमच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे ती उभी आहे.

खेळघरातला डबा मात्र फिरत राहिला. एकदा एका मुलीबरोबर तो जुळवताना शेवटी आकाशात एक भोक राहिलं. घरी शोधलं, पिशव्या झटकल्या, नाही मिळाला. बाईंनी डबा बाजूला ठेवला. नियम म्हणजे नियम.

"बाई," मी म्हटलं, "याची डाय आमच्या घरी आहे."

बाबांनी दुसऱ्या दिवशी डाय शेडवर नेली. तेवढ्या जाडीचा पुठ्ठा हाताशी होता तो पेढ्याच्या खोक्याचा, केशरी, वर सोनेरी वेल. त्यातून तो एक तुकडा निघाला. निळ्या आकाशात केशरी तुकडा बसला, घट्ट. त्यानंतर त्या डब्याची मागणी वाढली. कुणी म्हणायचं तो पतंग आहे, कुणी म्हणायचं विमान. मी कधीच सांगितलं नाही.

आता बाई मुलाकडे कायमच्या चालल्या आहेत. गेला आठवडाभर आम्ही खण रिकामे करतोय. जहाजं, पक्षी, बर्फातली घरं, सगळं बालवाडीला आणि शेजारच्या मुलांना दिलं. काल तो कॅलेंडरचा डबा माझ्या हातात आला. तो मला घरी न्यायचा होता, पण मागायचं कसं याचा विचार करत मी उभी राहिले. तेवढ्यात बाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवला.

"हा नातवासाठी. तिकडे इतका चांगला कापलेला मिळत नाही."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, अमेरिकेलेच ना? मग स्टूल घेऊन फळीवरून डाय खाली उतरवली, फडक्याने धूळ पुसली आणि मशीनच्या तेलाचं बोट एकेका पात्यावरून, एकेका नाकावरून फिरवायला लागले.

"गंज नाही लागला पाहिजे," ते म्हणाले. "बाईले सांगून ठेव, पोराजवळून तुकडा हरवला तं कळवजा. डाय हाय आपल्यापाशी."