बाहेरच्या खोलीतल्या फळ्या

तैवानच्या सू-आओ बंदरावर मासळीचे गोळे विकणाऱ्या स्यूकिमला बाजारात सगळे ‘उभी बाई’ म्हणत. लग्न होऊन आली तशी ती उभीच राहिली. मासा कुटणं, गोळे वळणं, गिऱ्हाइकांशी भांडणं, सगळं उभ्यानं. सासूबाई म्हणायच्या, “हिला खुर्ची दिलीत तर ती तिच्यावर टोपली ठेवेल.”

तीच स्यूकिम आज नवऱ्याच्या पाठीवर बसून घरी आली. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

साधा तापच आला होता. तो हृदयात उतरला आणि हृदय थांबलं. शहरातल्या इस्पितळात तिच्या मांडीतून जाड नळ्या घातल्या. रक्त बाहेरच्या यंत्रात जायचं, हवा घेऊन परत अंगात यायचं. हृदय आणि फुप्फुसं, दोन्हींचं काम यंत्रच करत होतं. तिला यातलं काही आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा पाय गेलेला होता. एकच प्रश्न तिला कुरतडत होता: घरच्यांनी आपली आशा सोडली होती का? नवऱ्याला, तेंगहोला विचारलं की तो खिडकीचा पडदा सारखा करत बसे.

इडापिडा बाहेर राहावी म्हणून दारात निखारे ठेवले होते. ते ओलांडून त्यानं तिला आत आणलं, आणि ती थिजलीच. टेबलखुर्च्या कुठेच नव्हत्या. भिंतीलगत दोन बाकांवर फळ्या मांडलेल्या. देव्हाऱ्याच्या कडांना लाल कागदाचे कपटे चिकटलेले. मरणाऱ्याला निजवतात त्या फळ्या. देवांना मरण दिसू नये म्हणून लावतात तो कागद. सासरे गेले तेव्हा तो तिनंच चिकटवला होता.

तेंगहोनं तिला जिन्याच्या पायरीवर टेकवलं. सासूबाई वाडगा घेऊन आल्या. शेवयांवर डुकराचा शिजवलेला पाय. संकटातून सुटलेल्यानं खायचा असतो तो.

स्यूकिमनं वाडग्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे. “या कुणासाठी?”

“तुझ्यासाठी. खा, गार होतंय.”

“आई!”

“ओरडायला काय झालं? डॉक्टर म्हणाला, यंत्रावर गेलेली निम्मी माणसं परत येत नाहीत, हिचं तर काहीच लक्षण नाही, थांबवू या. तुझा नवरा मान डोलावून मोकळा!”

तेंगहो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

“मी म्हटलं, थांबवा, पण घरी नेऊन. तेव्हाच मांडून घेतल्या या फळ्या. शेजारच्या म्हाताऱ्याला नाही का, तोंडावरचा श्वासाचा फुगा दाबत दाबत आणला, उंबऱ्याच्या आत शेवटचा श्वास सोडला त्यानं. बाहेर मेलेलं माणूस घरात घेता येतं का? डॉक्टर म्हणतो, आजी, हिचा श्वास हिच्यात नाहीच, यंत्रात आहे. नळ्या काढल्या तर लिफ्ट खाली पोचायच्या आत संपेल. मग मी म्हटलं, नाही काढायच्या. माझी सून बाहेर मरणार नाही.”

“म्हणून ठेवलंत मला? उंबऱ्यासाठी?”

“उंबऱ्यासाठीच. आणि त्या दिवसांत तुझं हृदय लागलं की धडधडायला! नळीनं रक्त अडून पाय काळा पडला, तोही त्याच दिवसांत. तो माझ्या हट्टानं गेला. बोल काय बोलायचं ते.”

नवऱ्यानं सोडलं होतं, आणि जन्मभर टोचून बोलणारीनं धरून ठेवलं होतं; तेही मायेनं की रिवाजानं, कोण जाणे. स्यूकिमनं वाडगा घेतला, पाय हाडापर्यंत खाल्ला.

“या आता हलवतो मी,” तेंगहो घाईनं फळ्यांकडे गेला.

“राहू द्या. जिना चढता येणार आहे का मला? इथेच झोपेन.”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “जित्या माणसानं? त्याच्यावर?”

“तुम्हीच घातल्यात ना माझ्यासाठी?”

तेंगहोनं तिला उचलून फळ्यांवर बसवलं. मग म्हातारी आत गेली, उशी घेऊन आली. मरणाऱ्याचे पाय दाराकडे करतात. तिनं उशी दाराच्या बाजूला ठेवली, दोनदा थोपटली, आणि सुनेचा उरलेला पाय धरून घराच्या आत वळवला.