एक ‘नाय’ भलत्या ठिकाणी

“अण्णा, जर्मनीत हरवलात म्हणे!” डिलाईल रोडवरची आमची चाळ मला चिडवते. साफ खोटे. गिरण्यांवरील परिषदेहून हॉटेलवर परतताना तिथल्या एका पुरातन शहरावर शरदातले धुके उतरले आणि दगडी गल्ल्या एकसारख्या दिसू लागल्या, इतकेच.

मागून काठीची टकटक येत राहिली. दचकून वळलो, तर एक वृद्धा. काठीने ओली पाने सारून मगच पाऊल टाकणारी. तिने काही विचारले, ‘वाट चुकलात?’ असाच सूर.

“नाय, नाय!” भीतीत माझ्या तोंडी गिरणगावच येते. जर्मनांचा नकारही जवळपास तसाच, ‘नाइन’. मान हलवून ती निघाली. टकटक धुक्यात विरू लागली, तसा मी ओरडलो,

“बाई, थांबा हो!”

ती थांबली. मी पुढे केलेले हॉटेलचे कार्ड वाचून तिने कोपर माझ्यापुढे धरले.

मी हरवलो नव्हतो. हॉटेलचे दार दिसेपर्यंत ते कोपर मात्र मी सोडले नाही.