सासऱ्याचं नाव आणि सातवीचा वर्ग

आमच्या सातवीच्या मे मालिपुओला कोणी भित्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमचे हेडमास्तर न्ताते फाकिसी तर तिला सगळ्या शिक्षकांसमोर तसं म्हणाले होते. मानाने हाक मारताना आम्ही बाईला 'मे' म्हणतो आणि पुरुषाला 'न्ताते'.

शाळेला लॅपटॉप आणि भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर मिळाला, त्या वर्षीची गोष्ट. हेडमास्तर राजधानीहून, मासेरूहून, प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्या आल्या लॅपटॉपला पासवर्ड घातला: मोत्लात्सी. शाळेला जमीन देणाऱ्या म्हाताऱ्याचा मान म्हणे. पण मोत्लात्सी हे मालिपुओचे सासरे, आणि आम्हा बासोथोंत सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. मी त्या घरची सून नाही, म्हणून खुशाल घेते.

मालिपुओ एवढंच म्हणाली, "न्ताते, दुसरा शब्द घाला. हा मला चालायचा नाही."

"अहो मे, उच्चारायचं कुठे आहे? नुसतं टाइप करायचं. कोणाला ऐकू जातंय?"

"लिहिलं म्हणजे बोललंच, असं मी पोरांना जन्मभर शिकवलं. आता तुमच्या पेटीसाठी उलटं शिकवू?"

हेडमास्तर हसले. "सरळ सांगा ना, मशीनची भीती वाटते. सासऱ्यांना कशाला मध्ये आणता?" आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की जिल्ह्याहून तपासणीच्या बाई येतील तेव्हा जो मशीनवर धडा घेईल, त्यालाच सातवी मिळेल. नाहीतर मालिपुओने पहिलीला अक्षरं गिरवायला बसावं.

सातवी म्हणजे परीक्षेचं वर्ष. मेंढ्यांमागे डोंगरात गेलेली पोरं तिने घरोघरी भांडून वर्गात आणली होती. बापांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ती पोरं तिच्याकडून काढून घेणं म्हणजे सरळसरळ अन्याय होता, आणि आम्ही बाकीचे शिक्षक मूग गिळून बसलो होतो.

त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटच्या आत लॅपटॉप.

"हेडमास्तरांना विचारून आणलास?" मी म्हटलं.

"सांगून आणलाय. विचारून नाही. चल, तुझ्या तोंडाला ते नाव चालतं ना? मग उघड."

शाळेला कुलूप लागलं की वीज मिळायची ती फक्त लोकर कातरायच्या शेडवर, तिथल्या सौर पॅनेलची. तिथे लोकरीच्या पोत्यांवर बसून मी नाव टाकलं आणि मशीन तिच्यापुढे सरकवलं. कुदळ धरून धरून तिची बोटं खरखरीत झालेली. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. तिने बोट ओलं केलं, व्हॅसलीन लावलं, शेवटी वर्गात ओरडते तशी ओरडली, "कान आहेत की नाहीत रे तुला?" एकदा तयार केलेला अख्खा धडा चुकून पुसला गेला, तेव्हा तर तिने मशीन बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शाळा सुटली की रोज हेच. मला कंटाळा यायचा, घरी मक्याच्या पिठाचा पापा आणि मोरोहोची पालेभाजी थंडगार व्हायची. तिला काही सोयरसुतक नव्हतं.

असं करत करत एक दिवस पासवर्ड बदलायची जागा तिला स्वतःलाच सापडली. जुना शब्द माझ्याकडून टाकून घेतला. नवा टाकताना मात्र माझ्याकडे पाठ केली.

तपासणीच्या दिवशी बाई पुढे बसल्या, आणि मागच्या खुर्चीत ठेवणीतलं ब्लँकेट पांघरून म्हातारे मोत्लात्सी. हेडमास्तरांना आधी आपला रुबाब दाखवायचा होता. त्यांनी शब्द टाकला. उघडेना. पुन्हा टाकला. कपाळावर घाम.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

"धडधाकट आहे," मालिपुओ उठली. "मी शब्द बदललाय."

"कोणाला विचारून? आणि घातलंय काय?"

"तुमच्या सासूबाईंचं नाव. माहेरचं. टाका ना, न्ताते. नुसतं टाइप तर करायचं."

फाकिसींची बोटं अक्षरांपर्यंत गेली आणि तिथेच आखडली. आमच्यात बायकोच्या आईचं नाव कुठला जावई घेईल? पोरं खुदखुदायला लागली. ते आपल्या जागी जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला भारी मजा आली.

मग तिने तो शब्द स्वतः टाकला, खिडकीवर ब्लँकेट टांगलं, आणि भिंतीवर माणसाचं हृदय धडधडायला लागलं. मध्येच चित्र अडकलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. मालिपुओने न गडबडता ते पुन्हा चालू केलं आणि मेंढ्यांमागच्या पोरांना विचारलं, "मेंढीचं हृदय कापताना पाहिलंय ना? मग ह्यात वेगळं काय, सांगा!" एकही हात खाली राहिला नाही.

धडा संपल्यावर बाई म्हणाल्या, "सातवी ह्यांच्याकडेच राहील. आणि पासवर्ड ज्याने त्याने आपापला ठेवावा."

तेवढ्यात म्हातारे काठीवर रेलून उठले. "सूनबाई, माझ्या नावापायी तुला फार सोसावं लागलं. आजपासून तुला मोकळीक दिली. घे माझं नाव."

हेडमास्तरांनी घाईघाईने मान डोलावली. मला वाटलं, आता ही गुडघे टेकून आभार मानणार.

तिने सुनेसारखी नजर खाली केली, पण आवाज वर्गातलाच होता. "नको, न्ताते. तुम्ही मला बांधलं होतं म्हणून काही मी नाव टाळत नव्हते. मान मी देत होते. तो किती द्यायचा नि कधी थांबवायचा, ते मीच ठरवीन."

म्हातारे हसून खाली बसले. तिने सातवीला वह्या काढायला सांगितल्या.