चांदीच्या पोटातलं वासरू

सकाळी नातसुनेनं गाईचा चीक उकळायला ठेवला आणि त्या वासानं मला पणदरे गावातल्या सासरच्या गोठ्यात नेलं. तेव्हा माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते. मामंजींची खिलार गाय चांदी विताना अडली होती. त्यांच्या वडिलांनी जपलेल्या वाणाची ती शेवटची गाय. वासराची मान आत वळलेली आणि मामंजींचा हात काही आत जाईना.

"सूनबाई, तुजा हात बारीक हाय. बघ, तोंड लागतंय का."

मी तेल लावून हात घातला. चाचपडताना बोट तोंडात गेलं आणि ते वासरू चक्क चोखू लागलं!

"मामंजी, जितं हाय!" त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलले.

त्यांनी सांगितलं तशी मान वळवली. कालवड झाली. तिचा वंश अजून आमच्या दावणीला आहे. त्या दिवशी मी हात धुऊन चुलीकडं वळले. जन्माआधीच एक जीव मला भेटला होता, हे नवल पुढं माझी लेकरं झाल्यावर कळलं.