मामांचा बर्फ आणि रस्त्यातला कळप

‘खोळंबा’ म्हणजे नुसता उशीर नव्हे. उशीर घड्याळाचा असतो. पुढे जायची ओढ असूनही पाय अडकतो, तो खोळंबा. परतूरची आम्ही सकाळी फिरायला जाणारी मंडळी हिमालयातला उंच घाटरस्ता पाहून आलो आणि या एका शब्दाभोवती इतके किस्से साचले, की हल्ली फिरणे कमी, सांगणेच अधिक!

शेवटची खिंड बर्फाची. दुपारी दोनला तिथले फाटक पडते, मग वाहने सोडत नाहीत. आमच्यातल्या सखाराममामांना तिथेच पोहोचायचे होते. वडील मेंढपाळ, स्वतः शेतकरी; सत्तरीपर्यंत बर्फ पाहिला तो सरबताच्या हातगाडीवरचा. तो भरून आणायला मांडीवर थर्मास!

मी म्हटले, ‘‘मामा, वितळेल.’’

‘‘वितळू द्या ना, गुरुजी. पाणी तर तिथलंच ऱ्हाईल!’’

भुसार व्यापारी बापूराव प्रत्येक वळणाला विचारीत, ‘‘और कितना?’’ अकराव्या वळणावर चालक शांतपणे म्हणाला, ‘‘सेठ, पहाड है. तोलके नहीं दूंगा!’’

मामींनी डोळ्यांवर पदर ओढला होता. ‘‘दरी सरली की सांगा.’’

बापूराव म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही डोळे झाकून न्हाई सरायची. चालकानं झाकले की लगेच सरंल!’’

मामी पुढचा तासभर चालकाच्याच डोळ्यांकडे पाहत होत्या.

दीड वाजला. खिंड समोर पांढरी दिसत होती आणि वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. बापूराव ओरडले, ‘‘हॉर्न दाबा, जल्दी!’’ मामा मात्र खाली उतरले. डोंगराच्या अंगाला मेंढ्या, दरीच्या कडेला कोकरे.

‘‘माया इकडं, लेकरं तिकडं. कळप मधून फोडायचा न्हाई. बिचकलं तर खाली जातंय.’’

बापूराव खिडकीतून म्हणाले, ‘‘मामा, फाटक बंद होऊन राह्यलं! तुमचाच बर्फ हाय ना?’’

‘‘मंग? माझाच हाय.’’

शेवटचे कोकरू आईपाशी पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले. फाटक पडले होते.

परतुरात हा किस्सा असा सांगतात, की मेंढ्यांनी रस्ता अडवला आणि मामांचा बर्फ हुकला. ते चूक आहे. कळपाच्या मेंढपाळाने पहिल्याच हॉर्नला मधून गाडीपुरती वाट करून दिली होती. गाडीपुढे मामा उभे होते.