दवंडी आमची, दार त्यांचं

शाळेच्या फाटकापाशी माझ्या सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली आणि सरपंचाने आतून साखळी लावली.

"ए म्हाताऱ्या, थांब तिथंच. पुढं पाऊल टाकू नको."

पाऊस आडवा मारत होता. माझ्या कडेवर धाकटी, थोरलीने पदर धरलेला, सासूबाई माझ्या खांद्याच्या आधाराने उभ्या. मागे आमची अख्खी वस्ती. गळ्यात हलगी अडकवलेली, ते माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. त्यात वादळ येणार म्हणून वरून हुकूम आला. आमचं गाव कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर. गावात लाईट नव्हती, भोंगा बंद. सकाळी सरपंचाचा मामांना फोन. तेव्हा भाषा केवढी गोड! "आबा, हलगी घ्या. पत्र्याच्या घरातली समदी मानसं दुपारपतुर शाळंत आली पायजेत. तुमच्याबिगर हे काम कुनाचं न्हाई."

मामा उठले. मी म्हणाले, "मामा, आधी आपल्या वस्तीत सांगा. नदी आपल्याच दाराशी हाय."

"रीत हाय, पोरी. आधी चावडी, मंग मोठी आळी, मंग मळं. आपली वस्ती शेवटाला."

ही रीत कोणी घातली, कोणालाच ठाऊक नाही. पहिला धोका आमचा आणि शेवटची हाक आमची. मला त्या रीतीचा तेव्हाही राग आला. पण सासऱ्यापुढे किती बोलणार?

मामा गावभर फिरले. "मास्क लावा हो, अंतर ठेवा हो," असं ओरडायला स्वतःचा मास्क हनुवटीवर. तोंड झाकून दवंडी कोणाला ऐकू येणार? वाऱ्यावर आवाज चढवून चढवून त्यांचा घसा पार फाटला.

तोवर घरी मी तयारी केली. नवरा टेम्पो घेऊन पुण्याकडे गेलेला, तिकडेच अडकलेला. रेशनकार्ड, आधार प्लास्टिकच्या पिशवीत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. भाकरी, ठेचा. प्रत्येकाचा पेला वेगळा, कारण सकाळच्या फोनवर तसं सांगितलं होतं. जुन्या सुती लुगड्याचे मास्क मी हाताने शिवले. धाकटीचा इतका लहान झाला की तिची आजी हसली. सगळं नियमाप्रमाणे केलं. नियम पाळला की दार उघडतं, असं मला वाटत होतं. काय खुळी होते मी!

मामा वस्तीत आले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नुसती हलगी वाजवली. आम्ही निघालो.

आणि आता ही साखळी.

"अहो, तुमचीच दवंडी देऊन घसा बसलाय त्यांचा," मी म्हणाले. "ती तापाची बंदूक लावून बघा की."

शिपायाने हात लांब करून बंदूक लावली. "ताप न्हाई," म्हणाला.

सरपंचाने तरी साखळीवरचा हात काढला नाही. आतून कोणीतरी ओरडलं, "एकापायी समद्यांना मारता का?"

"लोकं ऐकत न्हाईत," सरपंच म्हणाला. "तुमी बाजाराच्या शेडात जा."

फाटकासमोरच्या एका वर्गाचं दार उघडं होतं. फरशीवर अंतरासाठी खडूची वर्तुळं काढलेली. निम्मी रिकामी. मी बोट दाखवलं.

"ए बाई, तोंड लई चालतंय तुझं," सरपंच खेकसला.

खोकला एकट्या मामांना होता. पण आमच्या वस्तीतलं एकही माणूस आत घेतलं नाही. तिथे मला उमगलं. हा रोग कोरोनाच्या आधीचा होता.

बाजाराच्या शेडला भिंती नाहीत. वाऱ्याने एक पत्रा उचलून नेला. सासूबाई थंडीने काकडत होत्या, मी दोन्ही पोरी त्यांच्या कुशीत दिल्या आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसले. मामा खाली मान घालून होते. म्हणाले, "समद्या गावाला मीच बोलवून आनलं गं."

संध्याकाळच्या आत वारा पडला. सरपंच मोटारसायकलवर आला. लांबच थांबला.

"आबा, धोका टळला. शाळंतल्यांना मी सांगितलं, गावात पक्क्या घरांत थांबलेल्यांना घरी जायला सांगा. तेवढी दवंडी द्या."

पुन्हा आबा! गरज सरो नि वैद्य मरो, आणि गरज लागली की वैद्य पुन्हा जिता.

आणि मामा उठले. जन्माची सवय. हलगीचं कातडं ओलं होऊन सैल पडलेलं, ते शेकल्याशिवाय वाजत नाही. मला म्हणाले, "पोरी, जरा जाळ कर."

काडेपेटी माझ्याच पिशवीत होती, कोरडी. मी पिशवी आवळून धरली.

"न्हाई करनार."

सरपंच गुरकावला, "काय म्हनली?"

"दवंडी मिळायची न्हाई. तुमाला तोंड हाय ना? आमाला हाकलताना चाललं की चांगलं. आता त्याच तोंडानं गावभर वरडा."

मामा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मलाच बोलतील. त्यांनी हलगी जमिनीवर पालथी घातली आणि तिच्याशेजारी बसले. सरपंच शिव्या देत निघून गेला.

वादळं पुन्हा येतील. प्रवरेला पाणी येईल. त्या दिवशी पहिली हाक आमच्या वस्तीत पडेल, ती मी देईन. शाळा सरकारची आहे, कोणाच्या बापाची नाही. माझ्या माणसांना घेऊन मी सगळ्यांच्या आधी तिथे असेन. फाटकाला साखळी दिसली, तर मी विचारत बसणार नाही. तोडीन.